इंजिन तुझं, बॉडी माझी

ऑइलडेल, कॅलिफोर्निया
५ जानेवारी १९९७

लेलंड,

'प्रिय' लिहिणार नाही. आठ वर्षांनी पत्र लिहितेय आणि पहिल्याच शब्दाला खोटं बोलायची इच्छा नाही. तुझा पत्ता आईला आलेल्या नाताळच्या कार्डावरून घेतला. पन्नाशीला आलेला माणूस आपल्या आईला लाल नाकाच्या हरणाचं कार्ड पाठवतो आणि खाली नुसतं 'लेलंड' लिहितो. वाचून दाखवायला मला काही मिळेना, म्हणून हरणाचं वर्णन करून सांगितलं.

हो, आता वाचून दाखवावं लागतं. त्यासाठीच हे पत्र. मला इंजिन हवंय.

कोणतं म्हणून विचारू नकोस. बाबांच्या चौतीसच्या फोर्ड कूपेचं. बाबांना पुरल्याच्या दुसऱ्या दिवशी तू चेन ब्लॉक लावून उचललंस, पिकअपमध्ये घातलंस आणि ऑरेगनला पळवलंस, ते. 'गाडी दोघांत अर्धी अर्धी' असं बाबा म्हणाले होते. त्याचा असा अर्थ काढणारा अख्ख्या कर्न काउंटीत तू एकटाच निघालास. इंजिन तुझं, बॉडी माझी! तेव्हापासून तुझ्याकडे बिनचाकांचं इंजिन आणि माझ्याकडे बिनइंजिनाची चाकं. आपल्या घरात शहाणपण कधीच उतू गेलं नव्हतं, पण हे म्हणजे अतीच झालं.

माझ्यासाठी मागत नाहीये. आईचे डोळे चाललेत. समोरचं, मधोमधचं दिसत नाही. कडेचं तेवढं दिसतं. त्यामुळे माणसाकडे बघायचं असलं की ती मान वळवून बघते, कोंबडीसारखी. मी तिला तसं म्हटलं तर खो खो हसली. डॉक्टर म्हणतो, उन्हाळ्यापर्यंत कडेचंही किती उरेल सांगता येत नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी बाबांच्या मोटार-क्लबच्या गाड्या ग्लेनव्हिलला जातात. बाबा दर वर्षी आईला शेजारी बसवून न्यायचे. छत कापून खाली उतरवलेलं, अंगावर करडा प्रायमर, आणि 'रंग पुढच्या वर्षी' हे बाबांचं ठरलेलं उत्तर. आईला या एप्रिलमध्ये त्याच गाडीतून त्या टेकड्यांवरची फुलं बघायची आहेत. मी म्हटलं, "अगं, तुला दिसणार आहेत का?" तर म्हणते, "कडेच्या काचेतून दिसतील. तिथं समोरचं बघायचं नसतंच मुळी. समोर क्लबातल्या बर्लची गाडी असते."

तेव्हा इंजिन पाठव. आधी ते फिरतंय की गंजून दगड झालंय ते कळव. तुला ओळखते, त्यामुळे दगडच झालं असणार. मागच्या पोर्चवर फाटक्या ताडपत्रीखाली, ऑरेगनच्या पावसात, वर मांजर व्यालेलं. प्लगच्या भोकांतून तेल सोडायचं आणि महिन्यातून एकदा तरी हँडल घालून फिरवायचं, नाहीतर हे फ्लॅटहेड इंजिन आतून गंजून धरतं, हे बाबांनी आपल्याला एकाच दिवशी शिकवलं होतं. मी ऐकलं होतं. तू ऐकल्यासारखं केलं होतंस.

ओपल टॅकेट


२६ जानेवारी

लेलंड,

तुझं उत्तर नाही. मला नवल वाटलं नाही. आईला वाटलं, म्हणून सांगते.

इथं धुकं आहे. कामावर जाताना बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. वर्कशॉपमध्ये दिवसभर तेलविहिरींच्या पाइपांना आटे पाडायचे आणि संध्याकाळी गॅरेजमध्ये येऊन बिनइंजिनाच्या गाडीकडे बघायचं, असा माझा ऐषाराम चालू आहे. आई दुपारी कूपेत जाऊन बसते. दार लावून घेते, पाय वर उचलते आणि इंजिनाच्या अलीकडच्या पत्र्याला तळवे टेकवते. आठवतं ना? बूट काढून, मोजे काढून. 'इथून ऊब येते' म्हणायची. आता कुठून यायची? पण टेकवते. परवा मी तिला जेवायला बोलवायला गेले तर म्हणाली, "थांब जरा, चढ लागलाय."

यावर मी काय बोलायचं ते तूच सांग. तू तर बोलण्यात हुशार.

आता बर्ल स्ट्राउडची बातमी. तो क्लबचा अध्यक्ष झालाय. हो, तोच. ज्याने एकदा ब्रेक ऑइल रेडिएटरमध्ये ओतलं होतं, तो. त्याच्याकडेही चौतीसची कूपे आहे, पण प्लॅस्टिकची. साच्यातून काढलेली, तयार मागवलेली. आत एसी, कप ठेवायला भोक, आणि बाजूला ज्वाळा रंगवलेल्या. त्या गाडीला आजवर एवढीच काय ती आग लागली. प्रदर्शनाला तो ती ट्रेलरवर घालून आणतो, अंगावर माशी बसू नये म्हणून पिसांच्या झाडूने झटकतो आणि खाली आरसे मांडतो, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्याला गाडीचं पोट दिसावं. मग घडीच्या खुर्चीत बसतो आणि लोकांना सांगतो, 'आम्ही गाड्या बांधणारी माणसं.' एकेकाळी या क्लबात ज्याच्या नखात ग्रीस नाही त्याला बीन्ससुद्धा वाढत नसत. आता अध्यक्ष करतात. बाकीचेही त्याच माळेचे मणी. एकाने बाहुली आणलीय, रडणाऱ्या पोराची, बंपरवर डोकं टेकवून उभी करायला. मोठी माणसं ही, लेलंड. मतदान करतात.

तर हा बर्ल परवा गॅरेजात आला, कूपेभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "ओपल, इंजिनाशिवायची गाडी म्हणजे नुसती मोठी कुंडी. माती भर आणि जिरेनियम लाव."

मी म्हटलं, "तुझी प्लॅस्टिकची आहे बर्ल, तिच्यात जास्त चांगले येतील. गंजायची भीती नाही."

"चिडतेस काय? माझ्या शेडमध्ये एक शेव्ही व्ही-एट पडलंय. चालू आहे. घेऊन जा, फुकट. तुझ्या भावाची वाट बघत बसलीस तर म्हातारी आंधळी होईल."

बाबांच्या फोर्डात शेव्हीचं इंजिन! मी त्याला फाटकापर्यंत पोचवलं आणि फाटक जरा जोरात लावलं. पण त्याचं शेवटचं वाक्य डोक्यातून जात नाहीये, हेही लिहून टाकते.

तुझा वेल्डिंगचा मुखवटा अजून खिळ्यावर आहे. आत कोळ्याने घर केलंय म्हणून काढला नाही. उगाच भलता अर्थ काढू नकोस.

ओपल


१६ फेब्रुवारी

लेलंडसाहेब,

तुमचं पोस्टकार्ड पोचलं. पुढे धबधबा, मागे चार शब्द. 'माफी माग. मग पाठवतो.'

वा! एवढे शब्द जुळवायला तुला सहा आठवडे लागले. धबधब्यासाठी आभार. आईला तो कडेने दिसला.

माफी कशाची, ते आईने विचारलं. मी सांगितलं, मला आठवत नाही. आठवतंय. बाबांना पुरून आल्यावर घरात अख्खा क्लब बसला होता, टूना कॅसरोलच्या थाळ्या ओळीने मांडलेल्या, आणि तू अलास्काच्या पाइपलाइनवरून थेट येऊन दारात उभा राहिलास. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "या! बाप मरेपर्यंत वेळ मिळाला नाही, आता गाडी मोजायला आलात." बरोबर हेच शब्द. बर्लच्या हातातला चमचा खाली पडला होता. मी म्हणाले, आणि माझं काहीही चुकलं नव्हतं. बाबांना शेवटचे चार महिने कुशीवर कोण वळवत होतं? तू नाही. तू पाइप जोडत होतास. दुसऱ्या दिवशी तू इंजिन उचलून नेलंस आणि मी म्हणाले ते खरं करून दाखवलंस.

आई इथं माझ्या शेजारीच बसलीय. म्हणते, "तो दारात उभा होता तेव्हा रडत होता. तू बघितलं नाहीस. तू बटाट्याचं सॅलड वाढत होतीस."

मी म्हटलं, "रडायला ऑरेगनमध्ये जागा पुष्कळ आहे."

आई म्हणाली, "तू तुझ्या बापावर गेलीस, आणि तो माझ्यावर गेला असता तर बरं झालं असतं. पण तोही बापावरच गेला."

असो. माफी मिळणार नाही. इंजिन तुलाच लखलाभ. त्याच्यावर काच टाक आणि कॉफीचं टेबल कर. तुझ्या त्या तिसऱ्या बायकोला आवडेल. की चौथी?

मी बर्लचं शेव्ही आणतेय. एप्रिलच्या पहिल्या रविवारी आई ग्लेनव्हिलला जाणार, तुझ्याशिवाय, बाबांच्या इंजिनाशिवाय. चाकं बाबांची आहेत, सीट बाबांची आहे. पुष्कळ झालं. शेव्हीत डिस्ट्रिब्युटर मागच्या अंगाला असतो, म्हणजे फायरवॉल कापावी लागणार, तो इंजिन आणि आईचे पाय यांच्यामधला पत्रा. बाबांनी त्या पत्र्याला कधी एक जादा भोकसुद्धा पाडलं नाही, हे मलाही ठाऊक आहे. तू सांगायची गरज नाही.

ओपल टॅकेट


९ मार्च

लेलंड,

कापला.

तुला कळवायचं काही कारण नाही, पण गावात बर्ल आहे आणि बर्लला तोंड आहे, म्हणून माझ्याकडून ऐक.

शेव्ही आणलं, चेन ब्लॉकला टांगलं, पुढे सरकवून बसवायचा प्रयत्न केला. मग रेडिएटर जाळीच्या बाहेर येतो. पुढे नाही तर मागे, आणि मागे म्हणजे फायरवॉल. मी खडूने रेघ मारली, ग्राइंडर हातात घेतला आणि बर्लला म्हटलं, "पत्रा मागून धर. थरथरला तर काप वाकडा जाईल."

बर्लने टोपी काढली. प्लॅस्टिकच्या गाडीवाला बर्ल, आरसेवाला बर्ल! तो म्हणाला, "ओपल, हे मी धरणार नाही."

"का? तुझंच इंजिन आहे."

"इंजिन माझं आहे गं. पत्रा तुझ्या बापाचा आहे, एव्हरेटचा. बाष्कळ बडबड मी खूप करतो, पण माझ्या घरी एकही खरा पत्रा नाही आणि हा जो खरा आहे तो कापायला हात लावणं मला जमायचं नाही." आणि गेला निघून. जाताना आपला तो पिसांचा झाडू विसरला.

त्याच्याकडून शहाणपण शिकायची पाळी यावी म्हणजे कमालच झाली. मला असा संताप आला की मी एकटीनेच चालवला ग्राइंडर. पत्रा थरथरला. काप वाकडा गेला. डाव्या बाजूला तर रेघ सोडून बोटभर आत गेला. लोखंडावर इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत माप घेणारी बाई मी, आणि मी कापलेलं भोक बघशील तर म्हणशील कुणी डबा दाताने उघडलाय.

पण शेव्ही बसलं. बसलं म्हणजे, टेकलं. पुढच्या रविवारपर्यंत वायरिंग होईल. तेव्हा तुझ्या त्या दगडाची आता गरज उरलेली नाही. पोर्चवर असू दे. मांजराला लागेल.

आई आत होती. आवाज ऐकला तिने. दुपारी कूपेत बसायला गेली, पाय वर केले आणि एक पाय भोकातून आरपार गेला. कातडी थोडी खरचटली, बाकी काही नाही. मी मलम लावलं. ओरडली असती तर चाललं असतं. नुसती मान वळवून माझ्याकडे बघत बसली, आणि त्यानंतर कूपेत गेलेली नाही.

तू हसत असशील. हस.

ओपल


१४ मार्च

लेलंड,

आज सकाळी ट्रक आला.

ड्रायव्हरने लाकडी खोकं उतरवलं, माझी सही घेतली आणि विचारलं, "बाई, आत काय दगड भरलेत का?" मी म्हटलं, "बहुतेक हो." आत चिठ्ठी नव्हती. शोधली. पेंढा उपसून काढला, फळ्यांच्या मागच्या बाजू बघितल्या. पाठवल्याची तारीख खोक्यावर होती, पाच मार्च. म्हणजे माझं कापल्याचं पत्र तुला मिळायच्या आधीच तू हे पाठवलं होतंस. आणि माफीचा एक शब्द तुला आलेला नसताना पाठवलंस. यात तू जिंकलास, आणि ते मला अजिबात आवडलेलं नाही.

मी दोष काढायच्या तयारीनेच बसले होते. प्लग काढले. आत बोट घातलं. तेल. काळं, जुनं, चिकट झालेलं नव्हे, ताजं. तरी म्हटलं, पाठवायच्या आदल्या दिवशी ओतलं असेल, साहेबांना देखावा करता येतो. हँडल खोक्यात नव्हतं. पुढच्या नटाला मोठा पाना लावला, दोन्ही पाय फाकवून उभी राहिले, दात आवळले आणि जोर लावला.

अशी तोंडावर आपटले म्हणून सांगू! जोराची गरजच नव्हती. फिरलं. मग उठले आणि एका हाताने फिरवलं. चहाचा कप ढवळावा तसं.

मग तो नट बघितला. सगळं इंजिन मळकट आहे, आठ वर्षांचं जे काही साठायचं ते साठलंय, आणि त्या मधोमध हँडल अडकवायच्या खाचा तेवढ्या चकचकीत. घासून घासून कडा गोल झाल्यात. एका दिवसात असं होत नाही, लेलंड. वर्षानुवर्षं हँडल घातल्याशिवाय होत नाही. तू ऐकलं होतंस तर. बाबा सांगत होते तेव्हा ढगांकडे बघत उभा होतास, आणि ऐकलं होतंस.

मी गॅरेजच्या जमिनीवर बसले आणि रडले. आई बाहेर आली. "काय गं, फुटलंय का?" म्हणाली. मी तिचा हात धरून पान्यावर ठेवला. तिने फिरवलं. मग पुन्हा फिरवलं. सगळे पिस्टन वर-खाली होताना तो सुस्कारा येतो ना, तो ऐकत राहिली आणि म्हणाली, "हा आपला आहे." शेव्ही चालू करून दाखवलं होतं तेव्हा ती 'छान आहे हो' म्हणाली होती, पाहुण्याला म्हणावं तसं.

आता ऐक. मला बाबांचं इंजिन मिळालं आणि बाबांच्या फायरवॉलला भोक आहे. ते माझ्या मूर्खपणाचं आहे. चार दिवस थांबले असते तर कापावंच लागलं नसतं. पण मला तुला दाखवायचं होतं की तुझ्यावाचून माझं अडत नाही. दाखवलं. आता अडलंय.

मला जाड लोखंड सांग, मी करीन. हा पातळ पत्रा माझ्या हाताखाली तापला की पापडासारखा वळतो. आज दुपारी भंगारातल्या दारांवर करून पाहिलं. दोनदा. ती दारं तू बघू नयेस म्हणून लपवली आहेत. बर्लला ओळखीचा एक वेल्डर आहे, तो म्हणतो वरून दुसरा पत्रा रिव्हेट मारून झाकून टाकू. झाकून! बाबांच्या गाडीला ठिगळ. तिथून इंजिनाचा धूर आत आला तर आईने पाय कुठे ठेवायचे?

कापलेला तुकडा मी फेकला नाही. वाकडा आहे, पण आहे. वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय.

पत्र्याबद्दल माफी मागते. त्या दुसऱ्या गोष्टीचं तू समोर आलास की बघू. लिहून मागायची माझी पद्धत नाही.

सहा एप्रिलला रविवार आहे. गॅसच्या टाक्या इथं आहेत. कोळ्याला मी मुखवट्यातून हाकललं आहे.

ओपल


९ एप्रिल

लेली,

तू शनिवारी सकाळी कॉफीसुद्धा न घेता गेलास. मी दोन कप ओतले होते. तुझाही मीच प्यायले, मला कॉफी टाकवत नाही.

गुरुवारी येऊन तू दोन दिवसांत जेमतेम वीस वाक्यं बोललास. पहिलं, "वाकडं कापलंयस." मी म्हटलं, "माहीत आहे." तू म्हणालास, "बाबांनी कानफटात मारली असती." मी म्हटलं, "आधी तुझ्या मारली असती, तू मोठ्याने बोलतोस." मग तू मुखवटा घातलास आणि माझ्याशी बोलायचा प्रश्नच मिटला. तुझ्या ज्योतीकडे बघू नको म्हणालास तरी मी काळी काच लावून बघत होते. एवढासा टाका घालायचास, थांबायचास, ओलं फडकं लावायचास, मागून ठोकायचास, आणि पुन्हा एवढासाच. मध्येच तू थांबलास तेव्हा मी ते बोलले. बाबांना पुरलं त्या दिवशीच्या बोलण्याची माफी. तू मुखवटा वर केला नाहीस. आत ऐकू गेलं की नाही कोण जाणे. मानेने हो म्हणालास की घाम टिपलास तेही कळलं नाही. पण मी बोललेय. पुन्हा बोलणार नाही.

आणि जाताना काय, तर म्हणे, "गाडीत दोनच जागा आहेत." हे तुला गुरुवारीही माहीत होतं. बर्लने स्वतःच्या गाडीत बसवून नेलं असतं, एसी लावून. पण साहेबांना प्लॅस्टिकमध्ये बसायचा कमीपणा. बरोबर आहे म्हणा. मीही बसले नसते.

तर रविवारचं सांगते. बाबांचं इंजिन दुसऱ्या सेल्फला लागलं. आईने बूट-मोजे रस्त्यातच काढले. ग्रॅनाइट रोडला पहिला चढ लागला आणि तिने पाय वर घेऊन पत्र्यावर टेकवले. मी समोर बघत होते, पण लक्ष तिच्या पायांकडे होतं. ती तळवे सरकवत होती, इकडे, तिकडे, वर, खाली. मला वाटलं गरम लागतंय. विचारलं.

"नाही गं," ती म्हणाली. "ज्या भोकात माझा पाय गेला होता ते शोधतेय. सापडत नाही."

"लेलंडने शिवलं."

"ते कळलं. पण कुठे?"

ग्लेनव्हिलपर्यंत शोधत होती. सापडलं नाही. बर्लनेही वाकून शोधलं, चष्मा लावून शोधलं, शेवटी मला बोट ठेवून दाखवावं लागलं. तुझं काम इतकं चांगलं आहे की मी केलेला गाढवपणा लोकांना आता समजावून सांगावा लागतो. तिथंही तू मला गोत्यात आणलंस.

बर्लची गाडी वूडी गावाच्या पुढच्या चढावर उकळली. एसी, प्लॅस्टिक, ज्वाळा आणि वर खरी वाफ! 'फ्लॅटहेड उकळतं' म्हणून आयुष्यभर बाबांना ऐकवणारा माणूस रस्त्याकडेला बॉनेट उघडून उभा होता. बाबांचं इंजिन त्याच्या शेजारी थांबून शांतपणे गुरगुरत होतं. मी त्याला पाणी दिलं. त्याचा झाडूही परत दिला. म्हटलं, "वारा घाल."

फुलं होती. पिवळी, जांभळी, अख्ख्या टेकड्या भरून. आईने समोर एकदाही बघितलं नाही. सगळा वेळ मान डावीकडे, माझ्याकडे वळवून बसली होती. मला राग आला. म्हटलं, "आई, एवढा आटापिटा केला तो माझं तोंड बघायला केला का? फुलं बाहेर आहेत." तर म्हणाली, "तुझ्याकडे अर्धं तोंड केलं की उजव्या डोळ्याच्या कडेला माझी काच येते. सगळं दिसतंय मला. आणि तूही दिसतेस, डाव्या डोळ्याच्या कडेला. मधोमध तुझा बाप दिसायचा, तिथे नाहीतरी आता काही दिसत नाही." मग थोड्या वेळाने म्हणाली, "लेली मागे बसला असता तर त्यालाही कुठेतरी बसवला असता."

मागे डिक्कीचं झाकण उघडलं की आत बैठक आहे रे. आपण लहानपणी त्यातच बसायचो, तोंडात किडे जायचे. झाकण गंजून बसलंय, तेवढंच. मी काल पाना लावून पाहिलं. बिजागरीजवळचा पत्रा गेलाय. पातळ पत्रा. म्हणजे माझ्या हातचं काम नाही.

आता वाटणीचं. तुझा अर्धा भाग माझ्या अर्ध्यात बसलाय. तुला हवा असेल तर चेन ब्लॉक घेऊन ये आणि पुन्हा उचल. मी हात लावणार नाही, अडवणारही नाही. कॉफी मात्र पिऊन जावी लागेल.

आणि एक. मुखवटा तू खिळ्याला अडकवून गेलास ते दिसलं. त्याच्या मागे इंजिनाचं हँडल अडकवलं होतंस, तेही दिसलं. मूठ झिजून तुझ्या पंजाच्या आकाराची झालीय. माझ्या हातात नीट बसत नाही. चालत्या गाडीला ते लागत नाही, म्हणून आईला म्हटलं, लेली विसरला, पार्सल करून टाकू का. तिने माझ्याकडे अशी मान वळवून बघितलं की मी ते पुन्हा खिळ्याला अडकवलं.

तेव्हा पार्सल होणार नाही. तुझं सामान पोस्टात नेऊन टाकायला मी तुझी नोकर नाही. खिळ्यावर आहे. स्वतः येऊन घेऊन जा.

ओपल